खांद्यावरचा हात

"निधनवार्ता तळमजल्यावर," डब्याचं झाकण लावत मी म्हटलं. "जिना उतरलात की डाव्या हाताला. फोटो पासपोर्टचा लागतो आणि मजकूर पाच ओळींचा."

दारातली बाई जागची हलली नाही. पंचावन्न-साठीची, ठेंगणी, डोक्यावरून पदर, जाड भिंगांचा चष्मा, खांद्याला कापडी पिशवी. अशा बायका दिवसाला दोन तरी यायच्या. 'फोटो' हा शब्द कानावर पडला की आमचा पहारेकरी माणसाला सरळ दुसऱ्या मजल्यावर, संदर्भ विभागात माझ्याकडे पिटाळायचा. मला जेवायचीसुद्धा सोय नव्हती.

"निधन जुनं हाय, बाई," ती म्हणाली. "आठ वर्सं झाली. वार्ता न्हाई द्यायची. फोटो न्यायचाय."

"आम्ही फोटो देत नाही. घेतो."

"व्हय, घेता ते ठावं हाय मला."

तिनं पिशवीतून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली, तिच्यातून वर्तमानपत्राची कात्रणं काढली आणि माझ्या टेबलावर, डब्याच्या शेजारी, एकेक करून मांडली. नऊ कात्रणं होती. सगळी आमच्या 'नवप्रहर'ची आणि सगळ्यांत फोटो तोच. मोकळे सुटलेले केस, मिटलेले डोळे, वासलेलं तोंड, कपाळाला आणि गालांना राख फासल्यासारखी. अंगात आलेली बाई कशी दिसते, असं कुणी विचारलं असतं तर पुण्यातल्या निम्म्या लोकांनी हाच फोटो दाखवला असता.

मी फोटोकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. मग पुन्हा फोटोकडे.

"तुम्ही... गोदाक्का थिटे? आमदार?"

"मग काय तहसीलदाराचा दाखला आणू?"

मी खुर्ची दिली. आधी दिली नव्हती, हेही सांगून टाकते, कारण आता सत्तरी उलटल्यावर खोटं कुणासाठी बोलायचं? चार वर्षांत तीस-चाळीस वेळा तरी मी त्या बाईचा फोटो काढून वर पाठवला होता, आणि ती समोर उभी राहिली तर मला ओळखू आली नाही. 'निधनवार्ता खाली' म्हणाले मी तिला.

ही चौऱ्याण्णव सालची गोष्ट. मी कुमुद रिसबूड, 'नवप्रहर'च्या संदर्भ विभागाची प्रमुख. प्रमुख म्हणजे काय, मी एकटीच होते. अठ्ठावीस लोखंडी कपाटं, त्यांत खाकी पाकिटं, प्रत्येक पाकिटावर एका माणसाचं नाव आणि आत त्याचे फोटो. पुढाऱ्याची बातमी आली की उपसंपादक ओरडायचा, 'कुमुदताई, अमक्याचं पाकीट!' पाकिटात जे असेल तेच दुसऱ्या दिवशी लाखभर लोकांच्या चहाबरोबर जायचं. पाकिटं फुगली की छाटणी करायची, ते काम माझं. आमचे संपादक गद्रे यांनी नियम घालून दिला होता, "जो फोटो बघताक्षणी माणूस ओळखू येतो तो ठेवा, बाकीचे काढा." गोदाक्का नव्वद साली आमदार झाल्या तेव्हा त्यांच्या पाकिटात पाच फोटो होते. जिल्हा परिषदेत फाईल वाचताना, पाण्याच्या टाकीपाशी, असलेच काहीतरी. पैकी चारांत त्या कुणीही बाई वाटत होत्या. मी चार काढून टाकले आणि हा ठेवला.

आणि खरं सांगू? मला त्याचं काहीच वाटलं नाही. मला ती बाई आवडत नव्हती. मुलींच्या सहलीला आईची चिठ्ठी असल्याशिवाय परवानगी देऊ नका, सौंदर्यस्पर्धा बंद करा, असलं काहीबाही त्या विधानसभेत बोलायच्या. भाषणाची सुरुवात 'येळकोट येळकोट जय मल्हार'नं. आमच्या कार्यालयात त्यांचं नाव निघालं की कुणीतरी खुर्चीत बसल्या बसल्या घुमायचं आणि आम्ही सगळे पोट धरून हसायचो. त्यात मीही असायचे.

"फोटोबद्दल तक्रार असेल तर संपादकांना पत्र लिहा," मी जरा सावरून म्हटलं.

"चार घातली. साधी अंतर्देशीय."

"आमदारकीच्या कागदावर लिहायचं ना मग."

"घरचं काम. त्याला सरकारी कागद कशाला नासायचा?"

ती चार पत्रं कुठे असतील ते मला पक्कं माहीत होतं. वरती एक ट्रे होता, 'चक्रम' अशी चिठ्ठी लावलेला.

"आन् तक्रार न्हाईच," त्या म्हणाल्या. "फोटो खुशाल छापा. त्या फोटोनं मतं मिळत्यात मला. आमच्याकडच्या बाया म्हणत्यात, अक्का, पुण्याचं पेपरवाले तुमाला न्हाई, आमालाच हसत्यात. अन् दणकून शिक्का मारत्यात." मग त्यांनी एक कात्रण माझ्याकडे सरकवलं आणि फोटोच्या उजव्या कडेवर बोट ठेवलं. "हितं बघा. हे काय हाय?"

मी वाकून पाहिलं. त्यांच्या खांद्यावर चार बोटं होती. मनगटाचा तुकडा आणि दोन काचेच्या बांगड्या. त्यापुढे फोटो संपत होता. इतक्या वर्षांत तो हात मला कधी दिसलाच नव्हता.

"हात आहे कुणाचा तरी."

"माझ्या लेकीचा हाय. शकुंतला. फोटो काढला त्याच वर्सी पावसाळ्यात काविळीनं गेली. एकोणीस वर्साची हुती." आवाज जराही हलला नाही. "घरात तिचा एक फोटो हाय, शाळंतला. पन्नास पोरींत नखाएवढं तोंड, अन् त्यातबी ती हाललीया. मी म्हणलं, हात हाय म्हंजी पुढं माणूसबी आसंल. तुमी कापला आसंल, पण टाकला थोडाच आसंल?"

तो मीच कापला होता, आणि टाकलाही होता. एका कॉलमात एकच चेहरा बसतो. आमदारकीच्या निकालाच्या दिवशी मी पट्टी लावली, कटर फिरवला आणि कडेचा तुकडा टोपलीत टाकला. त्यात कोण आहे हे बघितलंसुद्धा नाही.

"सोमवारी डोळ्याचं आपरेशन हाय," गोदाक्का म्हणाल्या. "मोतीबिंदू कवाचा पिकलाय. डाक्टर म्हणतो काय हुत न्हाई. पण झालंच काय तर? त्याआधी एकदा तिचं तोंड बघायचंय मला. माझी गाडी साडेपाचची हाय. मी बसते हितं."

आणि बसल्याच. पिशवी मांडीवर, पाय जवळ घेऊन, एस.टी.ची वाट बघत बसावं तशा.

मी पाकीट काढलं. फोटो उलटा केला. पाठीमागे आमच्या जुन्या फोटोग्राफरनं, घोलपनं, पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'चैत्र ८६, खंडोबा यात्रा. थिटेबाई व'. पुढचा शब्द कटरखाली गेला होता.

"निगेटिव्ह असेल तर माळ्यावर असेल," मी म्हटलं. "नसेल तर नाही. मी शब्द देत नाही."

"देऊ नका. हुडका."

एवढ्यात दारात तावडे. पुरवणीची पानं सजवणारा आमचा चित्रकार. माणूस भला, पण तोंडाला फाटक नाही.

"कुमुदताई, लवकर! त्या गोदाबाईंचा अंगातला फोटो द्या. रविवारची पुरवणी, पहिलं पान, अख्खा पानभर मोठा करायचाय. मथळा ऐका, 'अंगात आलेलं राजकारण'! गद्रेसाहेबांना सुचलाय. काय?"

मी डोळ्यांनी खुणावत होते, पण ऐकेल तर तो तावडे कसला. "तो दारूबंदीचा ठराव आणतायत ना बाई, गावातल्या बायकांनी म्हटलं की दुकान बंद! म्हणजे उद्या गावोगाव घुमणाऱ्या बायका ठरवणार कुणी काय प्यायचं..."

गोदाक्कांनी एक कात्रण उचलून त्याच्यापुढे धरलं. "ह्यो का?"

तावडे वाकून म्हणाला, "हां, हाच." मग त्यानं कात्रण धरलेल्या बाईंकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा असा झाला की मला त्या अवस्थेतही हसू आलं.

"घुमणाऱ्या न्हाई," गोदाक्का शांतपणे म्हणाल्या. "मार खाणाऱ्या. ठराव वाचलाय का तुमच्या सायबांनी?"

"मी... मी पाच मिनिटांत येतो," म्हणून तावडे जो गेला तो गेलाच.

पहिल्यांदा मला कार्यालयाची लाज वाटली. पण लगेच रागही आला, या बाईंचाच. म्हटलं, आता ही मला गुन्हेगार करून बसवणार. म्हणून बोलून टाकलं, "हे बघा, तुमचं मला पटत नाही. अजिबात नाही. माझी मुलगी कॉलेजच्या सहलीला गेली होती, मुलामुलींबरोबर, आणि मी कुणाला चिठ्ठी दिली नव्हती."

"नका पटवून घेऊ. मत बी नका देऊ. फोटो द्या."

कपाळ!

मी पदर खोचला आणि शिडी लावली. माळ्यावर बिस्किटांचे पत्र्याचे डबे होते, वर्षवार. शहाऐंशी सालचे सात. प्रत्येक डब्यात निगेटिव्हच्या पट्ट्या बटर पेपरात गुंडाळलेल्या आणि घोलपचं कोंबडीच्या पायासारखं अक्षर. मी डबे एकेक करून खाली देत गेले आणि त्या आमदार बाई ते झेलून रांगेत लावत गेल्या. चैत्राचं पाकीट मार्चच्या डब्यात नव्हतं, एप्रिलच्याही नव्हतं. दीड तास गेला. धुळीनं शिंकून शिंकून माझं डोकं भणभणलं. एकदा वाटलं, सांगावं नाही म्हणून, कोण विचारतंय? खाली पाहिलं तर त्या पाचव्या डब्याशी वाकून, पट्टी डोळ्यांना अगदी चिकटवून, ट्यूबलाइटकडे धरून बघत होत्या. त्या डोळ्यांना काय दिसणार होतं? तरी एकेक पट्टी बघत होत्या. मग मीच ठरवलं, हा फोटो सापडल्याशिवाय आज घरी जायचं नाही.

सापडला तो सहाव्या डब्यात. 'खंडोबा, रोल २.' पट्टीत काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं. दोन माणसं एवढंच कळत होतं.

डार्करूमकडे जाताना जिन्यात मी विचारलं. इतकी कशी मी निर्बुद्ध, पण विचारलं. "तुमच्या अंगात आलं तेव्हा मुलगी सावरत होती का तुम्हाला?"

गोदाक्का पायरीवर थांबल्या. माझ्याकडे त्या जाड भिंगांतून नुसतं पाहिलं. "फोटो निघू द्या. मग बघा," म्हणाल्या आणि कठडा धरून पुढे उतरू लागल्या.

डार्करूममध्ये मोमीनचाचा होते. उस्मान मोमीन, तीस वर्षं त्याच अंधारात काढलेली. मी पट्टी दिली आणि म्हटलं, "चाचा, पूर्ण काढा. कड जराही सोडू नका. आणि दोन प्रती."

"किस के लिए?"

"यांच्या मुलीचा आहे."

लाल दिव्याखाली चाचांनी एक स्टूल पुढे ओढलं आणि पदरानं चष्मा पुसत गोदाक्का त्यावर बसल्या. कागद तबकात पडला. पांढरा कागद, पाण्यात डुलणारा. चाचा तबक हळूहळू हलवत होते. आधी आले काळे केस. मग उघडं तोंड, ते माझ्या चांगलंच ओळखीचं होतं. मग खांद्यावरचा हात, मग त्या हाताचा दंड, आणि मग ती मुलगी आली.

ती हसत होती. दात, हिरड्या, सगळं दिसेल असं खदाखदा हसत होती. एक हात आईच्या खांद्यावर, ती पळून जाऊ नये म्हणून घट्ट धरलेला. दुसरा हात आईच्या डोक्यावर, मूठ नुकतीच उघडलेली, आणि तिच्यातून सांडणारा धुरळा आईच्या कपाळावर, गालांवर, सगळीकडे.

भंडारा होता तो. हळद. काळ्या-पांढऱ्या फोटोत आम्हाला चार वर्षं राख दिसली होती.

"अंगात न्हवतं आलं, बाई," अंधारात गोदाक्कांचा आवाज आला. "डोळ्यात भंडारा गेला हुता." त्या तबकावर इतक्या वाकल्या की चाचांनी हात आडवा धरला. "नवी साडी हुती माझी. मी म्हणलं, शके, टाकू नगंस गं बाई, डाग जात न्हाईत. तर ही नागीण मागनं आली, अंबाडा सोडला माझा, अन् आख्खी मूठ वतली. मी वरडतीया, अन् हसतीया. हसतीया मी, दिसतंय का तुमाला?"

दिसत होतं. आता लख्ख दिसत होतं. तेच तोंड, तेच मिटलेले डोळे, आणि शेजारी ती मुलगी असली की ती बाई हसतच होती. मुलगी कापली म्हणून ती घुमत होती. कटर माझ्या हातात होता. मला रडू फुटलं आणि मी ते आवरलंही नाही.

"हात लावू नका, अक्का," चाचा मराठीत म्हणाले, फार मऊ आवाजात. "ओलं आहे अजून. सुकू द्या."

साडेचार वाजले होते. एक प्रत सुकवून मी सरळ तिसऱ्या मजल्यावर, गद्र्यांच्या खोलीत गेले.

गद्रे वाईट माणूस नव्हता, हे नीट सांगायला हवं. नवरा गेल्यावर तिसऱ्या महिन्यात त्यानं मला बोलावून नोकरी दिली, तेव्हा माझी मुलगी सात वर्षांची होती. बुवाबाजीच्या विरोधात त्यानं लिहिलं, मारहाण सोसली. म्हणूनच त्याच्यापुढे तोंड उघडणं मला जड होतं. पण जिना चढता चढता मी ठरवून टाकलं होतं.

त्यानं फोटो पाहिला. बराच वेळ पाहिला. मी सगळं सांगितलं.

"सुंदर फोटो आहे, कुमुद," तो म्हणाला. "पण हा नको. यात त्या ओळखू येणार नाहीत."

"त्याच आहेत त्या."

"लोकांना त्या जशा माहीत आहेत तशा नाहीत. एका हसऱ्या फोटोनं बाई पुरोगामी होत नाहीत."

"होत नाहीतच. मी कुठे म्हणते? लेखातला एक शब्द बदलू नका. ठराव फाडून काढा, सहलीचं लिहा, सगळं लिहा. मलाही त्यांचं पटत नाही. पण त्या फोटोखाली 'अंगात आलेल्या' लिहाल ते खोटं आहे, आणि आता आपल्याला ते माहीत आहे."

"ठीक आहे. ओळ काढू. मथळाही बदलू हवं तर. फोटो तोच राहू दे."

"फोटोच खोटा आहे."

"फोटो खोटा कसा असेल? त्यांचाच चेहरा आहे." त्यानं घड्याळ पाहिलं. "कुमुद, उद्या दुपारी पान जायचंय. देवाच्या नावानं मतं मागणाऱ्या माणसाच्या बाजूनं तू कधीपासून बोलायला लागलीस? भावनेच्या आहारी जाऊ नकोस. जुना फोटो तावड्याकडे पाठव."

त्याच्या त्या 'ओळखू येणार नाहीत'नं मला घाव घातला. चार फोटो टोपलीत टाकताना मी स्वतःशी हेच म्हटलं होतं.

"बरं," मी म्हटलं आणि खाली आले.

गोदाक्का माझ्या टेबलाशी उभ्या होत्या, पिशवी खांद्याला लावून. पाच वाजायला आले होते. मी त्यांच्या हातात सुकलेली प्रत दिली. तिच्यावर निगेटिव्हची पट्टी ठेवली. आणि पाकिटातला तो कापलेला जुना फोटोही ठेवला.

"ह्यो नगं मला," त्या जुन्याकडे बघून म्हणाल्या.

"न्या. इथे नको राहायला."

"तुमाला बोलणी बसतील."

"बसू देत. तुमच्या पिशवीत मावतंय ना?"

मग मी देवघेवीचं रजिस्टर उघडलं आणि ठळक अक्षरात लिहिलं, 'श्रीमती गोदावरी थिटे. छायाचित्रे दोन, निगेटिव्ह एक. परत करायची नाहीत.' त्यांची सही घेतली, खाली माझी केली. सही करताना त्यांचं नाक कागदाला टेकत होतं. जाताना त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "डबा तसाच ऱ्हायला बघा तुमचा. खाऊन घ्या."

त्या जिना उतरून दिसेनाशा झाल्यावर मी रजिस्टर घेऊन पुन्हा वर गेले आणि ते पान गद्र्यांपुढे उघडं केलं. तो वाचत असताना मी उभी राहिले.

"ही संस्थेची मालमत्ता होती," तो अखेर म्हणाला.

"हो. मी कापली, मी दिली. सही आहे माझी."

"मला दुसरा फोटो हवाय."

"पाकिटात दुसरा नाही. तुमच्याच नियमानं मी काढून टाकले होते."

रविवारी पुरवणी निघाली. मथळा तोच, पानभर. फोटोच्या जागी तावड्यानं रेखाचित्र काढलं होतं, मोकळे केस, मिटलेले डोळे, वासलेलं तोंड. काढणारा हात चांगला, हुबेहूब उतरवलं होतं. खांद्यावर हात मात्र नव्हता. सोमवारी मला मेमो मिळाला, आणि पहिल्या तारखेपासून मला तळमजल्यावर, निधनवार्ता विभागात बसवलं. जिना उतरून डाव्या हाताला.

तो ठराव नामंजूर झाला. गोदाक्कांनी पुढच्या वर्षी तो पुन्हा आणला, पुन्हा पडला. पुढच्या निवडणुकीत त्या निवडूनही आल्या. कार्यालयात घुमण्याची नक्कल चालूच राहिली, फक्त मी समोर असले की थांबायची. मला कुणी चांगलं म्हणावं अशी माझी अपेक्षा नव्हती. अकरा वर्षं मी पासपोर्टचे फोटो आणि पाच ओळी घेतल्या. लोक समूहाचा फोटो घेऊन यायचे आणि म्हणायचे, यातून आमचे अण्णा तेवढे कापून घ्या. मी आधी विचारायचे, शेजारी कोण आहे? काही जण चिडायचे.

निवृत्तीला आठ महिने उरले होते तेव्हाची गोष्ट. सकाळी अकराच्या सुमाराला माझ्या काउंटरपुढे गद्रे उभा. अकरा वर्षांत तो एकदाही तळमजल्यावर माझ्याकडे आला नव्हता. केस पांढरे झाले होते. वर आता कॉम्प्युटर आले होते, पाकिटं गेली होती.

"गोदाक्का गेल्या," तो म्हणाला. "पहाटे. पहिल्या पानावर घ्यायचंय."

मी हातातली पाच ओळींची चिठ्ठी बाजूला ठेवली.

"त्यांचं नाव घातलं की मशीनमध्ये तावड्याचं ते चित्र येतं. बाकी काही नाही." तो काउंटरवर बोटं वाजवत राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "त्या दिवशी मोमीननं एकच प्रत काढली होती का?"

मी टेबलावरची वहीखात्यांची चळत बाजूला केली. टेबलाच्या काचेखाली तो फोटो होता, अकरा वर्षं तिथेच होता. काच उचलली, फोटो काढला आणि त्याच्यापुढे धरला. पण सोडला नाही.

"दोन कॉलम लागतील," मी म्हटलं. "कापायचा नाही."

"नाही कापणार."

"आणि फोटोखालची ओळ मी लिहिणार."

गद्र्यानं खिशातलं पेन काढून माझ्यापुढे ठेवलं. मी एका चिठ्ठीवर लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर ते जसंच्या तसं छापून आलं:

'माजी आमदार गोदावरी थिटे, खंडोबाच्या यात्रेत, डोळ्यांत भंडारा गेला तेव्हा. भंडारा टाकणारी त्यांची कन्या शकुंतला.'